नवखेडचे पाटे

कासव घरी आलं तेव्हा दहाच्या नाण्याहून जरासंच मोठं होतं. भाची तेव्हा सहावीत होती. एका दुकानातून प्लास्टिकच्या डबीत घालून आणलेलं, सोबत प्लास्टिकचंच इवलंसं नारळाचं झाड. डोळ्यांमागे दोन्ही बाजूंना लाल रेघ, कोणी कुंकवाचं बोट ओढावं तशी. मानेवर पिवळे-हिरवे पट्टे. यंदा भाची नववीत जाईल आणि कासव पोह्यांच्या बशीएवढं झालं आहे. नागपुरात प्रतापनगरच्या फ्लॅटमध्ये, बाल्कनीतल्या निळ्या टबात ते राहायचं. रात्री अडीच-तीनला टबाच्या कडेवर नखं घासत असायचं. तो आवाज एकदा कानात गेला की मला पुन्हा झोप लागायची नाही.

मे महिन्यात मी बहिणीकडे काही आठवडे राहायला होते, तेव्हा घरात ठरलं की रविवारी सकाळी, उन्हं चढायच्या आत, कासव फुटाळा तलावात नेऊन सोडायचं. बहीण म्हणाली, "मुका जीव आहे. किती दिवस कोंडून ठेवायचं?" सगळ्यांना बरं वाटलं. एखादं चांगलं काम हातून होणार असलं की घरात जी हलकी हवा येते, ती आली. मीही मान डोलावली. ती मान का डोलावली हे पुढे सांगते, कारण ते सांगितल्याशिवाय या लेखाला अर्थ नाही.

त्याच आठवड्यात भाची एक ग्रह वसवत होती.

दोनशे पानी वही, वर मोठ्या अक्षरात 'नवखेड'. "गोष्ट लिहून राहिली मी, मावशी. पृथ्वीवरून माणसं निघाली, चार पिढ्या प्रवासात गेल्या, आता उतरले बाप्पा एकदाचे." नकाशा काढून झाला होता. वस्त्यांची नावं नवी इतवारी, नवी धंतोली, एका डोंगराचं नाव सेमिनरी हिल. मला ते वाचून गंमत वाटली नाही, खरं तर पोटात कालवलं. घर सोडून गेलेली माणसं असंच करतात. नव्या मातीला जुनी नावं देतात, म्हणजे रात्री झोप लागते. वहीत पुढे दोन रकाने आखलेले होते, 'मूळचे' आणि 'नेलेले'. 'नेलेले'मध्ये गाय, बैल, कुत्रा, मांजर, कोंबड्या, मधमाश्या असं भराभर लिहिलेलं. 'मूळचे' रकाना रिकामा.

"मला मूळचे सुचतच नाहीत," ती म्हणाली.

मी विचारलं, "ते राहू दे. तुझी गाय तिथे काय खाणार?"

"गवत."

"कोणाचं?"

कूलरच्या ताट्यांवरून पाणी गळत होतं, बाहेर रस्ता पांढरा पडला होता, संध्याकाळपर्यंत कुठे जायचं नव्हतं. मी तिला दारातल्या चपला आणायला सांगितलं. डाव्या पायातली उजव्या पायात घालून बघ. दोन्ही चपला एकाच मापाच्या, एकाच चामड्याच्या, तरी बसत नाहीत. रेणूंचंही असं असतं. 1848 साली लुई पाश्चरने एका क्षाराचे स्फटिक भिंगाखाली धरून चिमट्याने दोन ढिगांत वेगळे केले. दोन्ही एकमेकांची आरशातली रूपं होती, डाव्या-उजव्या हातासारखी. आपल्या पृथ्वीवर हरळीपासून हत्तीपर्यंत सगळ्यांची प्रथिनं डाव्या हाताच्या अमिनो आम्लांची बनलेली आहेत आणि साखर उजव्या हाताची. पण 1969 साली ऑस्ट्रेलियात मर्चिसन इथे जी उल्का पडली, तिच्यात दोन्ही हातांची अमिनो आम्लं सापडली. म्हणजे दुसरीकडे कुठे जीव रुजला, तर तो उलट्या हाताचा असू शकतो.

"मग तिथल्या वाघाने आपली गाय खाल्ली तर? पोट नाही भरणार?"

"पोट भरेल. अंगी लागणार नाही."

हे तिला फार आवडलं. आणि उलट्या हाताची साखर जिभेला गोडच लागते, पण शरीराला तिच्यापासून काही मिळत नाही, हे सांगितल्यावर तर ती बराच वेळ गप्प बसली. मग वहीत लिहिलं: 'नवखेडवर मूळचे आणि नेलेले एकमेकांना खाऊ शकत नाहीत. म्हणून तिथे भांडण नाही. दोघंही सुखाने राहतात.' खाली रेघ मारली. पन्हं प्यायलो आणि विषय संपला असं मला वाटलं.

बुधवारी रात्री दिवे गेले. गच्चीवर गादी टाकून पडलो होतो. ती अंधारात उठून बसली. "मावशी, पण मग हरळीला कोण खाणार?"

मला त्या क्षणी तिचा इतका अभिमान वाटला की काय सांगू. कारण सगळा प्रश्न तिथेच आहे. गाय नेण्याआधी गवत न्यावं लागेल. गवताआधी माती जिवंत करावी लागेल, म्हणजे बुरश्या, जिवाणू आणि गांडुळं. काटोलकडे आमच्या मामाच्या संत्राबागेत गांडूळखताचे वाफे आहेत. त्यातली लालसर चपळ गांडुळं आपल्या मातीतली नाहीत, ती युरोपातल्या जातीची. वाफ्यात असतात तोवर गुणी. पण उत्तर अमेरिकेत, जिथे हिमयुगाच्या बर्फानंतर हजारो वर्षं गांडूळच नव्हतं, तिथे वसाहतवाल्यांच्या कुंड्यांतून आणि मातीतून युरोपी गांडुळं पोचली आणि जंगलाच्या तळावरचा पानांचा जाड थर खात सुटली. त्या थरात उगवणारी रोपटी, त्यात राहणारे किडे, सगळ्यांचं अंथरूणच गेलं. शेतकऱ्याचा मित्र म्हणून आपण शाळेत ज्याच्यावर निबंध लिहितो, तोच हा प्राणी.

तर हरळी. इथे तिला गाय खाते, शेळी खाते, नाकतोडे खातात, रोग पडतो, उन्हाळ्यात ती वाळून काडी होते. नवखेडवर, वस्तीतल्या गाई सोडल्या तर, तिच्या वाट्याला यातलं काहीच नाही. तिथला एकही किडा तिला तोंड लावणार नाही, लावलं तरी त्याच्या अंगी लागणार नाही. ऊन, पाणी आणि मातीतली खनिजं मात्र कोणत्याही हाताची नसतात. ती दोघांची सारखीच. भांडण ताटातल्या घासावरून होणार नाही, ते बसायच्या जागेवरून होईल.

"म्हणजे कोणी कोणाला मारलं नाही तरी मरतील," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी 'मूळचे' रकान्यात पहिला प्राणी आला. त्याचं नाव पाटा. आजीच्या स्वयंपाकघरातल्या पाट्यासारखा चपटा, करडा, पाठीवर टाकी लावल्यासारख्या बारीक खाचा. सहा आखूड पाय. नवखेडवरचा दिवस 31 तासांचा, रात्र लांबलचक आणि थंड, म्हणून पाटे सकाळी खडकांवर येऊन बसतात, पाठ तापवतात आणि तापलं की खडकावरची निळी खपली खरवडून खातात. सावकाश. एका खडकावरची खपली पुरती खाऊन होईतो शेजारच्या खडकावर नवी आलेली असते. पाटा ओरडत नाही, चावत नाही, पळत नाही. त्याला पळावं लागेल असं त्या ग्रहावर कधी काही घडलेलंच नाही. आणि मग तिने एका पानभर चित्र काढलं: हिरवेगार खडक, हरळीने मुळं रोवून झाकलेले, आणि त्यांच्या कडेला बसायला जागा शोधत हिंडणारे पाटे.

मी इतक्या वर्षांत परक्या आणि देशी प्राण्यांवर जे काही वाचलं, त्यात या चित्राइतकं नेमकं काही पाहिल्याचं आठवत नाही. तिची मावशी म्हणून हे म्हणत नाही.

एका जागी मात्र मी तिला अडवलं. नवखेडवरच्या एका शिकारी प्राण्याला तिने 'लांडगा' नाव दिलं होतं, कारण वस्तीतल्या लोकांना तो लांबून तसा दिसला. मी म्हटलं, जपून. ऑस्ट्रेलियाजवळच्या टास्मानिया बेटावर युरोपी माणसांनी पिशवीवाल्या एका पट्टेदार प्राण्याला वाघ म्हटलं, लांडगा म्हटलं. तो ना वाघ होता ना लांडगा. पण नावाबरोबर जुनं वैर आलं. मेंढ्या मारतो म्हणून सरकारने 1888 पासून त्याच्या मुंडक्यावर बक्षीस लावलं, ते 1909 पर्यंत चाललं. शेवटचा ज्ञात प्राणी 7 सप्टेंबर 1936 रोजी होबार्टच्या प्राणिसंग्रहालयात मेला. तिने 'लांडगा' खोडून तिथे काहीच लिहिलं नाही. जागा अजून कोरी आहे.

तिच्या गोष्टीतलं मला सर्वांत जवळचं वाटलेलं माणूस म्हणजे एक आजी. प्रवासात जन्मलेली, पृथ्वी कधी न पाहिलेली. तिला तिच्या आजीने चिमणीची गोष्ट सांगितलेली असते, घर मेणाचं की शेणाचं ते सगळं. नवखेडवर उतरल्यावर सकाळ होते आणि काही वाजत नाही. झाडं नाहीत, पाखरं नाहीत, नुसती हवा. ती आजी जहाजाच्या थंड कोठारातून चिमणीची अंडी कापसात गुंडाळून चोरून आणते आणि छातीशी धरून उबवते. गुन्हा आहे हे तिला माहीत असतं.

हे वाचताना मला राग येईना. खऱ्या इतिहासातही नुसती हाव नव्हती. 1851 च्या सुमारास अमेरिकेत ब्रुकलिनमध्ये चिमण्या आणल्या, त्यात अळ्यांचा बंदोबस्त करायचा होता हे खरं, पण घरच्या पाखरांची ओढही होती. एकोणिसाव्या शतकात ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये यासाठी रीतसर मंडळं निघाली. परक्या मुलखाला आपल्या मुलखासारखं करायचं हाच त्यांचा उद्योग. 1859 साली व्हिक्टोरियात थॉमस ऑस्टिन नावाच्या जमीनदाराने इंग्लंडहून आलेले दोन डझन ससे शिकारीसाठी मोकळे सोडले. पुढे पश्चिम ऑस्ट्रेलियाने सशांना अडवायला मुलूख ओलांडून जाणारं कुंपण घातलं, 1950 साली मुद्दाम रोग सोडावा लागला, आणि ससे अजून आहेत. त्या माणसाला शिकारीची एक सकाळ हवी होती, आपल्या गावाकडच्यासारखी.

आणि आपणही फक्त सोसणाऱ्यांत नाही. बाल्कनीच्या कठड्यावर रोज सकाळी येऊन भांडणारी साळुंकी 1762 साली भारतातून मॉरिशसला नेली, टोळ खायला. त्याच बेटावर डोडो होता. जहाजांतून उतरलेल्या उंदीर-डुकरांनी आणि माणसांनी तो सतराव्या शतकातच संपवला होता. पुढे उसाच्या मळ्यांत राबायला कोकणातली आपली माणसं तिथे गेली, आजही तिथे मराठी आहे आणि गणपती बसतो. साळुंकीही आहे. 1862 मध्ये ती मेलबर्नला पोचली आणि आज ऑस्ट्रेलियात लोक तिला सापळे लावून पकडतात, कारण तिथल्या पोपटांच्या ढोल्या ती बळकावते. आपला मुंगूस 1872 साली कोलकात्याहून जमैकाला गेला, नऊ जण, उसातले उंदीर मारायला. तिथून 1883 मध्ये हवाईला. मुंगूस दिवसा हिंडतो, उंदीर रात्री. मुंगसाने दिवसा जे सापडलं ते खाल्लं: जमिनीवरच्या पाखरांची अंडी, सरडे, साप. लहानपणी मुंगूस आडवा गेला की दिवस चांगला जातो म्हणत आम्ही थांबून बघायचो. त्याच मुंगसाला बेटावरची माणसं शाप देतात हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा घरातल्या माणसाविषयी कोणी वाईट बोलल्यासारखं झालं होतं. साळुंकी तीच आहे, मुंगूस तोच आहे. ज्यांना त्यांच्यासोबत राहायची सवय होती ते मागे राहिले, इतकंच.

शुक्रवारी घरी पाहुणे यायचे होते आणि भाऊजींना मरळ हवी होती, म्हणून सकाळीच भोईपुऱ्याच्या मासळी बाजारात गेलो. भाचीही आली. ओटे पाण्याने धुतलेले, बर्फाचा चुरा पायाखाली करकरत होता. एका आजीबाईंच्या पाटीत मरळ पाण्यात जिवंत होती, काळसर, सापासारखं डोकं. शेजारी सायप्रिनस, चंदेरा, तिलापिया. भाचीने प्रत्येकाचं गाव विचारायला सुरुवात केली आणि मला माहीत होतं तेवढं मी सांगत गेले: तिलापिया आफ्रिकेतला, 1952 साली भारतात आणलेला, चंदेरा आणि गवत्या हे मूळ चीनकडचे, 1959 पासून इथे. हे सरकारने माणसांची पोटं भरायला आणले, आणि ती भरलीही. थाई मांगूर म्हणतात त्या आफ्रिकी माशावर मात्र 2000 सालापासून बंदी आहे. तो जे दिसेल ते खातो, आपल्या देशी मांगुरालाही उरू देत नाही.

मग ओट्याच्या खाली, टोपलीच्या कडेला टाकून दिलेला एक मासा मला दिसला. वीतभराहून मोठा, काळा, अंगभर खवल्यांचं चिलखत, पोट सपाट, तोंड खालच्या बाजूला, चकतीसारखं. अजून जिवंत होता. ते तोंड उघडझाप करत होतं.

"हा कोनता?" भाचीने विचारलं.

"सकर," आजीबाई म्हणाल्या. "कोनी घेत नाही पोरी त्याले. जाळ्यात आला का जाळंच फाडते. काटे पाय त्याचे."

"कुठून आला?"

"लोकायनं सोडले. काचेच्या पेटीतले. मोठे झाले का आनून टाकते तलावात. पुन्य भेटते म्हनते."

मी तिथे उभी होते आणि माझ्या तोंडातून शब्द निघेना. कारण 1990 च्या दशकात, कॉलेजात असताना, आमच्या घरची काचपेटी मोडली तेव्हा त्यातला सकर मी स्वतः बादलीतून नेऊन एका तलावात सोडला होता. संध्याकाळ होती. तो क्षणभर काठाच्या चिखलावर थांबला आणि मग गेला. मी हात जोडले होते. तीस वर्षं ते माझ्या मनात एक चांगलं काम म्हणून जपलेलं होतं. आईलाही मी ते सांगितलं होतं आणि तिने पाठीवरून हात फिरवला होता. दक्षिण अमेरिकेतला तो मासा. तो काठात बिळं करतो, शेवाळ खरवडून खातो, खाणारं कोणी नसल्यामुळे वाढत राहतो. आणि त्याने फाडलेली जाळी या बाईंसारख्या कोणीतरी दिव्याखाली बसून विणली असणार. रविवारच्या कासवाला मी मान डोलावली ती यामुळेच. एकदा केलेलं पुण्य पुन्हा करायचं होतं.

मी आजीबाईंना ते सांगितलं. सांगायला हवंच होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मरळ तराजूत टाकत म्हणाल्या, "तुमाले काय मालूम होतं बाई तवा." एवढंच. त्यात माफीही होती आणि नव्हतीही.

परतताना रिक्षात भाचीला मी भंडारा-गोंदियाकडच्या मालगुजारी, म्हणजे जुन्या जमीनदारांच्या काळातल्या, तलावांविषयी सांगितलं. तिथले मासेमारी करणारे ढिवर लोक तलावात माजलेली बेशरम उपटून काढतात, पाण्यातल्या देशी वनस्पती पुन्हा लावतात आणि हरवत चाललेले देशी मासे परत आणतात. बेशरमही परकीच, अमेरिकेच्या उष्ण भागातली. तिला हे नाव आपल्या लोकांनी दिलं, कारण तोडून फेकली तरी जिथे पडते तिथे रुजते. कोणता मासा कोणत्या गवतात अंडी घालतो हे त्या लोकांना तोंडपाठ असतं, म्हणूनच तलाव उजाडला हे त्यांच्या आधी लक्षात येतं. मला वाटतं, एखादा प्राणी मूळचा आहे याचा खरा दाखला कागदावर मिळायचा नाही, तो अशा माणसांजवळ मिळेल.

शनिवारी वाद झाला. भाचीने कुठेतरी वाचलं होतं की भारत पूर्वी बेट होतं. "मग सगळेच बाहेरचे ना?"

बरोबर होतं तिचं. सिव्हिल लाइन्समधल्या कॉलेजला ज्यांचं नाव आहे, त्या स्टीफन हिस्लॉप यांनी एकोणिसाव्या शतकात इथल्याच टाकळीच्या खडकांतून गोड्या पाण्यातल्या गोगलगाईंचे जीवाश्म गोळा केले. लाव्हाच्या दोन थरांमधल्या तळ्यात राहणाऱ्या गोगलगाई, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या. तेव्हा आपला भूखंड समुद्रात एकटा उत्तरेकडे सरकत होता. पाचेक कोटी वर्षांपूर्वी तो आशियाला जाऊन भिडला आणि पुढे त्या वाटेने किती प्राणी आत आले. वाघसुद्धा त्यातलाच. 2003 साली केरळच्या घाटात जो जांभळा बेडूक जगाला कळला, त्याचे जवळचे नातलग सेशेल्स बेटांवर आहेत. तो त्या जुन्या बेटावरून आलेला. आणि उलटंही आहे. जळगाव जिल्ह्यात पाटणे इथे शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचा तुकडा सापडला आहे, माणसाने त्यावर नक्षी कोरलेली, सुमारे 25,000 वर्षांपूर्वीची. म्हणजे आपण ज्याला आफ्रिकेचा पक्षी म्हणतो तो महाराष्ट्रात पळत होता. 17 सप्टेंबर 2022 रोजी नामिबियाहून आठ चित्ते मध्य प्रदेशातल्या कुनोच्या जंगलात आले. त्यांना परत आलेले म्हणायचं की नवे, यावर जाणकारही एकमताचे नाहीत.

"तर मग?"

मी म्हटलं, मला जेवढं कळतं तेवढं सांगते. इथला तो, ज्याला इथे कोणीतरी खाणारं आहे. जो इथल्या कोणाच्या तरी अंगी लागतो. वाघ आला तेव्हा चितळाला हळूहळू त्याची चाहूल शिकता आली, पळायला येईपर्यंत पिढ्यान् पिढ्या मिळाल्या. जहाजातून आलेल्या उंदराने डोडोला तेवढा अवधी दिला नाही. तुझ्या पाट्यांना एक लाख वर्षं दे, त्यांच्यातलाच एखादा हरळी ओरबाडून खडक मोकळा करायला शिकेल. तुझी माणसं किती वर्षांत हरळी पेरतात?

"पहिल्याच पावसाळ्यात."

मग मी तिला मामाच्या गोठ्याची आठवण दिली. गेल्या मेमध्ये आम्ही गेलो होतो तेव्हा दुपारी पारा 45 च्या वर होता. गोठ्यात दोन होल्स्टिन गाई, काळ्या-पांढऱ्या, मोठ्या थानांच्या. त्यांच्या पाठीवर ओली पोती, वरून पाण्याचे फवारे, भिंतीला पंखा. तरी त्यांची जीभ बाहेर, बरगड्या भात्यासारख्या हलत होत्या, तोंडातून फेसाची तार लोंबत होती. मामी दर तासाने उठून पोती भिजवायच्या. आणि पलीकडे बाभळीच्या विरळ सावलीत गवळाऊ बैलांची जोडी डोळे मिटून रवंथ करत उभी होती. पांढरी, सडपातळ, लांबोळ्या तोंडाची. वर्धा-नागपूरकडची ही जात, याच उन्हात घडलेली. तिला कोणी पाणी मारत नव्हतं. पण त्या परक्या गाईंविषयी माझ्या मनात काही वाईट आलं नाही, कारण त्या दाव्याला होत्या आणि दाव्याचं दुसरं टोक मामीच्या हातात होतं. ज्याला आपण आणलं त्याचं दावं आपल्या हातात असलं पाहिजे. ऑस्टिनने सशांचं दावं सोडलं. मी सकरचं सोडलं.

भाची काही बोलली नाही. उठून बाल्कनीत गेली. थोड्या वेळाने मी बघितलं, तर ती टबाशी उकिडवी बसली होती आणि कासव मान वर करून तिच्याकडे बघत होतं. खायला मिळेल या आशेने बघतात ती, हे मला ठाऊक आहे. तरी.

फुटाळ्यात आपलं देशी कासव असतं, मऊ पाठीचं. पाय आत घेतले की त्यावर कातडीची झडप बसते. तळं आटलं तर चिखलात पुरून घेऊन उन्हाळा काढतं. अमेरिकेतल्या मिसिसिपीच्या खोऱ्यातलं हे लाल रेघेचं कासव तिथे गेलं तर त्याला मारणार नाही. ते फक्त सकाळी पाण्यातून वर आलेल्या दगडावर चढून बसेल. रोज.

रविवारी आम्ही फुटाळ्याला गेलो नाही. बहिणीला समजवायला वेळ लागला, "मग काय जन्मभर?" हा तिचा प्रश्न अगदी रास्त होता. भाऊजींनी गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या सावलीला विटांचा हौद बांधायचं कबूल केलं. अर्धा ऊन, अर्धा सावली, वर जाळी. दोन दिवसांत गवंडी येऊन गेला. बसायला दगड हवा होता, तेव्हा बहिणीने माळ्यावरून आईचा पाटा काढला. मिक्सर आल्यापासून तो तिथेच पडून होता. खाचा गुळगुळीत झालेल्या, एका कोपऱ्याचा टवका उडालेला. आईच्या हाताची हळद-मिरची त्या दगडात किती वर्षं मुरलेली. तो आम्ही दोघींनी घासून धुतला, चार दिवस पाण्यात ठेवला, मग हौदात तिरका टेकवला.

पहिले दोन दिवस कासवाने त्याच्याकडे पाहिलंही नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी सहाला भाचीने मला हलवून उठवलं. गच्चीवर गेलो. ते पाट्यावर चढलं होतं. मान पूर्ण ताणलेली, मागचे दोन्ही पाय हवेत सरळ मागे पसरलेले, बोटं फाकलेली, बोटांमधले पडदे उन्हात पारदर्शक दिसत होते. टबात असताना त्याने पाय असे कधी पसरलेले आम्ही पाहिले नव्हते. तिथे जागाच नव्हती.

"मावशी, हे किती वर्षं जगतं?"

"तीस. जास्तही."

ती मनात हिशेब करत होती. "मी तोवर कुठे असेन काय माहीत. पुण्याला, नाहीतर बाहेरच."

"तर माझ्याकडे आणून ठेव," मी म्हटलं. माझाही हिशेब झाला होता. तेव्हा मी ऐंशीला टेकलेली असेन.

"आणि तुझ्यानंतर?"

कासव पाण्यात उतरलं. ती वही घेऊन आली, हौदाच्या कठड्यावर बसली आणि 'नेलेले' रकान्याच्या शेजारी तिसरा रकाना आखू लागली. वर लिहिलं, 'दावं कोणाच्या हातात'. पहिल्या ओळीत गाय होती. दुसऱ्या ओळीत आजीच्या चिमण्या. तिथे ती थांबली, पेन्सिल दातात धरून, बराच वेळ.